एकाच मातीचे दोन रिपोर्ट, आणि मग मॉडेल कुठलं लावायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांगा. यावलकडे तुमची चार एकर केळी, जमीन काळी भारी, आणि हाच विषय थीसिसच्या प्रोजेक्टलाही घेतलाय. एकाच खड्ड्यातली माती अर्धी-अर्धी करून दोन लॅबला दिली. पहिली म्हणते वाळू ३४ टक्के, सिल्ट (वाळूहून बारीक कण) १८, क्ले (सगळ्यात बारीक, चिकण कण) ४८, पद्धत आंतरराष्ट्रीय पिपेट (माती पाण्यात ढवळून ठेवायची आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून थोडं पाणी काढून त्यातली माती तोलायची). दुसरी म्हणते वाळू २४, सिल्ट ३८, क्ले ३८, पद्धत हायड्रोमीटर (त्याच गढूळ पाण्यात तरंगता घनतामापक सोडायचा), वर्गवारी यूएसडीए, म्हणजे अमेरिकन कृषी खात्याची. म्हणजे एकीच्या मते क्ले आणि दुसरीच्या मते क्ले लोम (क्लेच्या खालचा, मिश्र पोताचा वर्ग). दोन्हीत मुक्त चुना १० टक्क्यांच्या आसपास. आता तुम्हाला या तीन आकड्यांतून कणांच्या आकाराची पूर्ण रेघ (कुठल्या साइजच्या खाली किती टक्के माती) काढायचीय, त्यावरून पाणी धरून ठेवायची क्षमता, आणि त्यावरून ड्रिप किती वेळ चालवायचं ते. आणि विचारताय की लॉग-नॉर्मल, वायबुल, फ्रॅक्टल या रेघ काढायच्या समीकरणांतलं, म्हणजे मॉडेलांतलं, सगळ्यात अचूक कुठलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, समीकरण हा तुमचा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की हे आकडे कुठल्या साइजला तोडलेत, आणि दुसरा हा की तुमची क्ले लॅबच्या सिलिंडरमध्ये (माती पाण्यात ढवळून ठेवतात ते उंच भांडं) खरंच सुटी झाली होती का. हे दोन सुटले नाहीत तर कुठलंही मॉडेल लावा, चुकीच्या आकड्यांतून छान गुळगुळीत रेघ जाईल एवढंच. मी चोवीस वर्षं माती तपासतोय, अर्धा वेळ लॅबमध्ये आणि अर्धा बांधावर, आणि मॉडेल चुकीचं निवडलं म्हणून कोणाचं वाटोळं झालेलं पाहिलं नाही, पण वरच्या दोन गोष्टींमुळे झालेलं भरपूर पाहिलंय. त्यातलं एक माझ्याच हातून झालंय, ते खाली सांगतो.

(शब्दांचं एक आधीच: मी सिल्ट, क्ले असंच लिहिणार. पुस्तकात सिल्टला पोयटा म्हणतात, पण आपल्याकडे पोयट्याची जमीन म्हटलं की माणसाला भुसभुशीत मध्यम जमीन डोळ्यासमोर येते, नुसती सिल्ट नाही, आणि मग घोळ होतो.)

तर पहिला प्रश्न. क्लेची हद्द दोन्ही पद्धतींत एकच, ०.००२ मिलिमीटरच्या खाली. वरची हद्द २ मिलिमीटर, तीही एकच. भांडण आहे मधल्या रेषेचं. आंतरराष्ट्रीय पद्धत, जी ॲटरबर्ग या शास्त्रज्ञाच्या हद्दींवरून आली, ती ०.०२ ला वाळू आणि सिल्ट वेगळी करते, आणि यूएसडीए ०.०५ ला. म्हणजे ०.०२ ते ०.०५ मधला जो बारीक माल आहे तो पहिल्या लॅबच्या हिशोबात वाळू आणि दुसरीच्या हिशोबात सिल्ट. माती तीच, फक्त दोन तालुक्यांच्या हद्दीवरचं शेत जसं कधी या सातबाऱ्यात तर कधी त्या सातबाऱ्यात दिसावं तसं. (सिव्हिलवाल्यांची हद्द आणखी वेगळी, त्यांच्या आयएस १४९८ या भारतीय मानकात सिल्ट ०.०७५ पर्यंत जाते, त्यामुळे पुलाच्या किंवा बांधकामाच्या कामासाठी केलेला मातीचा रिपोर्ट हाती लागला तर तो या हिशोबात मिसळू नका.)

हे दुरुस्त करायला भारी मॉडेल लागत नाही. टक्केवारी एकावर एक रचत जायची. पहिल्या लॅबच्या आकड्यांनुसार ०.००२ च्या खाली ४८, ०.०२ च्या खाली ४८ अधिक १८ म्हणजे ६६, आणि २ च्या खाली १००. आता ०.०५ च्या खाली किती ते काढायचंय. साइजचा लॉग घ्यायचा, साधी पट्टी वापरायची नाही, कारण ०.००२ पासून २ पर्यंत हजारपट अंतर आहे आणि साध्या पट्टीवर सगळी क्ले एका टिंबात दडपून बसते. ०.०२ ते २ हे लॉगमध्ये २ घरं (एक घर म्हणजे दहापट), आणि ०.०२ ते ०.०५ हे त्यातलं ०.४ घर, म्हणजे वाटेच्या पाचव्या हिश्श्यावर. ३४ टक्क्यांचा पाचवा हिस्सा पावणेसात. ६६ मध्ये मिळवा, ७३ आले. म्हणजे यूएसडीएच्या भाषेत पहिल्या लॅबची माती झाली वाळू २७, सिल्ट २५, क्ले ४८. दुसरीची वाळू २४ होती. बघा, १० चा फरक होता तो ३ वर आला, आणि अजून आपण कुठलं समीकरण उघडलेलंसुद्धा नाही.

पण क्लेमधला १० चा फरक अजून तसाच उभा आहे, कारण तिथं हद्दीचं भांडणच नाही. मग तो आला कुठून?

इथे मुक्त चुना कामाला येतो. जुन्या आंतरराष्ट्रीय पिपेट पद्धतीत हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय पदार्थ जाळतात आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना काढून टाकतात, आणि टक्केवारी उरलेल्या मातीवर काढतात. नेहमीच्या हायड्रोमीटर पद्धतीत चुना तसाच राहतो. आपल्या खान्देशच्या काळ्या जमिनीत चुना असतोच, खाली खड्ड्यात पांढरे खडे तुम्ही पाहिलेच असतील, आणि बारीक चुना बराचसा सिल्टच्या साइजचा असतो. आता पहिल्या लॅबचे आकडे बिनचुन्याच्या मातीचे धरा आणि त्यात १० टक्के चुना परत टाका. सगळं ०.९ ने गुणायचं आणि चुना पूर्ण सिल्टमध्ये गेला असं धरायचं (हे गृहीत आहे, पूर्ण खरं नसेल). क्ले ४८ ची ४३ झाली, वाळू २७ ची २४, सिल्ट २२.५ अधिक १० म्हणजे ३२.५. दुसऱ्या लॅबची वाळू किती होती? २४. म्हणजे वाळूचा हिशोब पूर्ण जुळला, आणि क्लेचा फरक १० वरून ५ वर आला.

हे सगळं पहिल्या लॅबने ॲसिड वापरलं असेल तरच. काही लॅब ती पायरी गाळतात, चुना जास्त असला की ॲसिड फार लागतं आणि धुवायला दिवस जातो म्हणून. रिपोर्टवर ते लिहिलेलं नसतं, फोन करूनच विचारावं लागतं.

उरले ५. वाळू दोघांची जुळते, म्हणजे ०.०५ चा बिंदू दोघांचा एकच आहे, फक्त ०.००२ चा बिंदू हललाय. क्ले ५ ने कमी आणि सिल्ट तेवढीच जास्त. हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून सांगतो, दुसऱ्या लॅबमध्ये क्ले पूर्ण फुटली नाही. पिठलं करताना बेसन घाईत पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात ना, गुठळी दिसायला दाण्याएवढी, पण आतलं पीठ बारीकच. तसं क्लेचे हजारो कण एकमेकांना धरून सिल्टच्या साइजची गुठळी होते, ती सिलिंडरमध्ये सिल्टसारखीच खाली बसते, आणि रिपोर्टमध्ये खोटी सिल्ट लागते. काळ्या मातीत कॅल्शियम भरपूर, ते क्लेला घट्ट धरून ठेवतं, म्हणून सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट टाकायचं, रात्रभर भिजवायचं आणि मग मिक्सरने व्यवस्थित फेटायचं. यातली एक पायरी आखडली की गुठळी राहिली.

माझ्या हातून झालेलं ते हेच. बरीच वर्षं झाली, चोपड्याकडचे एक म्हातारे बाबा, त्यांच्या खोल काळ्या जमिनीचा मी क्ले २९ असा रिपोर्ट दिला. बाबा आठ दिवसांनी परत आले, खिशातून ढेकूळ काढलं, माझ्याच टेबलावरच्या पाण्याने भिजवून मळलं आणि तळहातावर वळून समईच्या वातीसारखी लांब वात करून माझ्या रजिस्टरवर ठेवली. "साहेब, हाई माटी हलकी शे का?" मी काय बोलणार. तपासलं तर कॅलगॉनचं द्रावण (हेक्सामेटाफॉस्फेटला आम्ही लॅबमध्ये हेच म्हणतो) चार-पाच महिन्यांपूर्वी बनवून ठेवलेलं निघालं. ते पाण्यात हळूहळू तुटतं आणि त्याची ताकद जाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. ताजं द्रावण करून, रात्रभर भिजवून परत लावली, क्ले ५१. तेव्हापासून बाटलीवर तारीख टाकतो, आणि वात वळल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही.

आता तुम्ही म्हणाल उष्णतेमुळे झालं नसेल कशावरून. चांगला प्रश्न आहे, कारण जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लॅबमधलं सिलिंडरचं पाणी ३५ च्या खाली येत नाही. सगळा खेळ स्टोक्सच्या १८५१ च्या नियमावर चाललाय. कण खाली बसायचा वेग साइजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पाण्याच्या चिकटपणाच्या प्रमाणात कमी होतो, आणि गरम पाणी पातळ असतं. ०.००२ चा कण १० सेंटिमीटर खाली यायला २० डिग्रीला सुमारे पावणेआठ तास लागतात, ३० डिग्रीला सहा तास दहा मिनिटं, आणि ३५ ला साधारण साडेपाच तास. पुस्तकातलं २० डिग्रीचं टेबल बघून आपल्याकडे मे महिन्यात पिपेट मारलं तर तुम्ही ०.००२ ऐवजी ०.००१७ ची क्ले मोजताय. पण यात चूक फार होत नाही, तुमच्या मातीत एखाद-दीड टक्का.

हायड्रोमीटरचं मात्र वेगळं आहे. तो पाण्याची घनताच वाचतो, आणि तो २० डिग्रीला जुळवलेला असतो. त्याच्यावरच्या प्रत्येक डिग्रीला लिटरमागे ०.३६ ग्रॅम मिळवायचे असतात. ३५ डिग्री म्हणजे १५ डिग्री जास्त, म्हणजे ५.४ ग्रॅम, आणि माती घेतलीय ५० ग्रॅम. म्हणजे दुरुस्ती विसरलं की जवळजवळ ११ टक्क्यांचा खड्डा! ऊन तेच, पण पिपेटला खरचटतं आणि हायड्रोमीटरचा पाय मोडतो.

पण तुमच्या बाबतीत ते झालेलं नाही, आणि ते रिपोर्टवरूनच कळतं. हायड्रोमीटरची दोन रीडिंग असतात, ४० सेकंदांचं सिल्ट अधिक क्लेचं, आणि दुसरं नुसत्या क्लेचं. तापमानाची दुरुस्ती विसरली असती तर दोन्ही सारखीच खाली आली असती आणि सगळा तुटवडा वाळूच्या खात्यात गेला असता, कारण वाळू वजाबाकीने काढतात. माती ओव्हनमध्ये न वाळवता तशीच ५० ग्रॅम तोलली तरी खोट वाळूतच जाते, काळी माती वाळलेली दिसली तरी पाच-सात टक्के ओल धरून असते. तुमच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये वाळू वाढलेली नाही. म्हणून नियम असा लक्षात ठेवा: दोन्ही बिंदू एकत्र हलले तर तापमान किंवा वजन बघा, नुसता क्लेचा बिंदू हलला तर गुठळी बघा.

अजून एक, त्यांनी दुसरं रीडिंग २ तासांनी घेतलं असेल तर २ तासांत १० सेंटिमीटरवर जी हद्द असते ती २० डिग्रीला ०.००४ च्या जवळ येते, ०.००२ ला नाही. म्हणजे त्या घाईने क्ले उलट जास्त दिसायला हवी होती. तरी कमी आलीय, म्हणजे गुठळ्या ५ पेक्षाही जास्त असतील.

आता तुमचा मूळ प्रश्न, मॉडेल.

आधी मोजा की तुमच्याकडे माहिती किती आहे. आकडे तीन, पण बेरीज १०० ठरलेली, म्हणून मोकळे दोनच. (तुम्ही एक्सेलमध्ये तिन्ही टक्केवाऱ्या एकदम टाकून रिग्रेशन केलं आणि विचित्र उत्तर आलं म्हणता ते याचमुळे, दोन माहीत असली की तिसरी आपोआप ठरते, एक काढून टाका.) दोन बिंदूंतून दोन पॅरामीटरचं (बसवताना ठरवायचे दोन आकडे असलेलं) मॉडेल बरोब्बर जातं, यात मॉडेलचं काही कौतुक नाही, आणि तीन-चार पॅरामीटरचं तर बसवताच येत नाही, एक्सेलचा सॉल्व्हर जो आकडा देईल तो त्याच्या मनचा.

तरी मी तुमच्यासाठी बसवून पाहिलं. दोन बिंदू घेतले, ०.००२ ला ४८ आणि ०.०५ ला ७३. लॉग-नॉर्मल बसवलं, मग त्याला विचारलं ०.०२ ला किती, म्हणालं ६६. वायबुल, ज्याला दगड-कोळसा दळणारे रोझिन-रॅमलर म्हणतात, ते पण म्हणालं ६६. फ्रॅक्टल म्हणालं ६४. पहिल्या लॅबचा मोजलेला आकडा ६६. आता यावर फार खूश व्हायचं नाही कारण ७३ आपणच ६६ वरून काढलेत, पण मुद्दा असा की मधल्या भागात तिघांचं एकमत आहे, तिथं कुठलंही घ्या.

मग टोकाला विचारलं, २ मिलिमीटरच्या खाली किती? लॉग-नॉर्मल म्हणतं साडेएक्याण्णव. वायबुल म्हणतं साडेचौऱ्याण्णव. आणि खरं उत्तर १०० आहे, कारण माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळूनच घेतलीय! म्हणजे लॉग-नॉर्मलच्या मते तुमच्या चाळलेल्या मातीत साडेआठ टक्के खडी आहे. असं होतं कारण या रेघा वरच्या बाजूला कधीच संपत नाहीत आणि आपली माती चाळणीने एकदम कापलेली असते. फ्रॅक्टल तिथं बरोबर १०० देतं, पण ते हुशार आहे म्हणून नाही, त्याच्या समीकरणातच सगळ्यात मोठा कण २ चा असं लिहिलेलं असतं.

त्या फ्रॅक्टलबद्दल थोडं जास्त सांगतो कारण हल्ली प्रोजेक्टवाली पोरं त्याच्या फार मागे लागतात. टायलर आणि व्हीटक्राफ्ट यांचं १९९२ चं मॉडेल असं की एखाद्या साइजच्या खालचं वजन म्हणजे त्या साइजला सगळ्यात मोठ्या साइजने भागा आणि त्याला ३ वजा डी एवढा घात द्या. डी म्हणजे फ्रॅक्टल डायमेन्शन. तुमच्या क्लेच्या बिंदूवरून डी येतो २.८९, आणि ०.०५ च्या बिंदूवरून येतो २.९१. तापीकाठची एखादी रेताड माती घ्या, क्ले १० टक्के, तिचा डी येईल २.६७ च्या आसपास. छान वाटतं, पण नीट बघाल तर डी म्हणजे क्लेची टक्केवारीच आहे, नवा सदरा घालून आलेली. शंभर नमुन्यांचा डी आणि क्ले यांचा आलेख काढून "घनिष्ठ संबंध आढळला" असं लिहू नका, तो असणारच.

शिराझी आणि बोर्समा यांची १९८४ ची पद्धत तुम्ही विचारली नाही, पण गाइड विचारतील म्हणून. प्रत्येक गटाचा एक मधला आकार धरतात, क्ले ०.००१, सिल्ट ०.०२६, वाळू १.०२५, त्यांचा लॉग घेऊन टक्केवारीने सरासरी काढतात. तुमच्या मातीची अशी सरासरी आली ०.०१५ मिलिमीटर. म्हणजे सिल्टचा आकार. आणि इकडे अर्धी माती ०.००२ च्या खाली! दुसऱ्या लॅबच्या आकड्यांनी काढली तर ०.०१८. क्लेमध्ये १० टक्क्यांचा फरक आणि सरासरीत एवढाच. हलक्या, वाळूवाल्या जमिनी एकमेकांशी तुलना करायला ही पद्धत चांगली, धूपेच्या कामातही वापरतात, पण आपल्या काळीला ती लावली की काळीचं काळेपण निघून जातं. कारण आपली क्ले ०.००१ ला थांबत नाही, तिचा बराच भाग त्याच्याही कितीतरी खाली आहे.

मग करायचं काय? माझ्या हिशोबाने एक चाळणी वाढवा. ०.२५ मिलिमीटरची. हायड्रोमीटर किंवा पिपेट झाल्यावर उरलेली वाळू धुवून, वाळवून या चाळणीतून काढली की बारीक वाळू वेगळी होते, तासाभराचं काम. मग ०.००२, ०.०५ आणि ०.२५ असे तीन खरे बिंदू झाले, आणि स्कॅग्ज आणि मंडळींची २००१ ची पद्धत नेमकी यासाठीच आहे, तीन बिंदूंवरून पूर्ण रेघ. आणि प्रोजेक्टला खरोखर मॉडेलांची तुलनाच करायची असेल तर सात-आठ बिंदू तरी पाहिजेत, चाळणीने १, ०.५, ०.२५, ०.१, ०.०५ आणि पिपेटने ०.०२, ०.००५, ०.००२. त्यातले एक-दोन बिंदू बसवताना लपवून ठेवा आणि मॉडेलला ते ओळखायला लावा, जे जवळ जाईल ते चांगलं. नुसता आर-स्क्वेअर (रेघ बिंदूंना किती जुळते त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण) लिहू नका, चढत जाणाऱ्या रेघेला चढत जाणारी कुठलीही रेघ लावली तरी ०.९८ येतोच.

एका गोष्टीवर मात्र मॉडेलची निवड खरंच बदलते, ती तुम्ही लिहिलेली नाही. शेतात धरणाचा किंवा नाल्याचा गाळ टाकलाय का? २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार सुरू झाल्यावर आपल्याकडे बऱ्याच जणांनी ट्रॅक्टरने गाळ ओढलाय, आणि तापीला पूर आला की काठच्या शेतात गाळ आपोआपच येतो. अशी माती म्हणजे दोन वेगवेगळ्या मातींची खिचडी असते, आलेखाला दोन कुबडं येतात, आणि एका कुबडाचं समीकरण दोघांच्या मधल्या दरीतून जातं, जिथे कणच कमी आहेत. तिथं दोन लॉग-नॉर्मल एकत्र बेरजेने लावतात, पण मग पॅरामीटर पाच होतात आणि सात-आठ बिंदू सक्तीचेच. साताऱ्याच्या... नाही, सातपुड्याच्या पायथ्याच्या जमिनीत आणखी वेगळं, तिथं २ च्या वरचा मुरूमच वीस-तीस टक्के असू शकतो आणि तो चाळणीवरच फेकला जातो, रिपोर्टवर नावही नाही. पाण्याचा हिशोब करताना तो मुरूम वजा करावाच लागतो.

मित्राच्या कॉलेजात लेझर मशीन आहे म्हणता, शंभर बिंदू देतं. देतं खरं, पण ते वजन नाही तर आकारमान मोजतं, आणि क्लेचे कण पत्र्यासारखे चपटे असल्यामुळे ते त्यांना मोठे समजतं, म्हणून क्ले पिपेटपेक्षा कमी दाखवतं, कधी कधी बरीच कमी. सगळे नमुने लेझरवरच केले तर आपसात तुलना करा, बिघडत नाही, पण अर्धे लेझर आणि अर्धे पिपेट असं एकाच टेबलात घालू नका. पोताच्या त्रिकोणात (तीन टक्केवाऱ्यांवरून मातीचा वर्ग काढायचा तक्ता) तर लेझरची क्ले सरळ टाकूच नका, तो त्रिकोण खाली बसणाऱ्या मातीवरून बनलाय.

आणि ड्रिपचं. इथे मी तुम्हाला थोडा निराश करणार. कणांच्या रेघेवरून पाण्याची रेघ (माती किती ओढीला किती पाणी धरते) काढायची पद्धत आहे, आर्य आणि पॅरिस यांची १९८१ ची, आणि सॅक्स्टन-रॉल्स यांची २००६ ची समीकरणं तर मोबाइलवरसुद्धा चालतात. पण ती अमेरिकेतल्या मातींवर बसवलेली, आणि कणाचा आकार कळला म्हणजे कणाची जात कळली असं होत नाही. आपल्या काळ्या मातीची क्ले बेसाल्टपासून झालेली, स्मेक्टाइट जातीची, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कोकणातल्या लाल मातीत क्ले ४८ टक्के असली तरी ती केओलिनाइटची, ती फुगत नाही. दोघींची कणांची रेघ तंतोतंत एक येऊ शकते आणि पाण्याचं वागणं जमीन-अस्मान. त्यात काळ्या मातीची घनता ओलीला वेगळी, सुकीला वेगळी, आणि ही समीकरणं एकच घनता धरून चालतात. म्हणून काळीत पाण्यासाठी मी मॉडेलवर पहिला अंदाज तेवढा घेतो. दोन नमुने प्रेशर प्लेटवर (दाब देऊन मातीतलं पाणी काढायचं यंत्र) ३३ आणि १५०० किलोपास्कलला, म्हणजे माती धरते ते पाणी आणि पीक सुकतं तेव्हाचं पाणी, लावून घ्या, त्या दोन आकड्यांनी जे कळेल ते दहा समीकरणांनी कळणार नाही. तेही जमत नसेल तर वाफ्यात भरपूर पाणी देऊन, वर गोणपाट टाकून, काळी असल्यामुळे तीन दिवस थांबून, नळीने माती काढून ओव्हनमध्ये वाळवा. १०५ डिग्री, वजन स्थिर होईपर्यंत.

तर सध्या तुमच्या हातात काय आहे: क्ले ४३ ते ४८ च्या मधे कुठेतरी, चुन्यासकट धरली की ४३ च्या जवळ आणि बिनचुन्याची ४८. दोन्ही आकड्यांनी वर्ग क्लेच येतो, कारण यूएसडीएत हद्द ४० ला आहे. क्ले लोम विसरा. थीसिसमध्ये आकडे देताना शेजारी तीन गोष्टी लिहा, मधली हद्द ०.०२ की ०.०५, चुना काढला की ठेवला, आणि माती ओव्हनवरची की हवेत वाळवलेली.

दुसऱ्या लॅबला फोन कराल तेव्हा भांडायला जाऊ नका, नुसतं विचारा की कॅलगॉन कधी बनवलं होतं, माती किती तास भिजवली, आणि दुसरं रीडिंग किती तासांनी घेतलं. पहिल्या लॅबला ॲसिडचं विचारा. आणि पुढच्या वेळी नमुना दोन लॅबला वाटायचा असेल तर ढेकळं फोडून, चाळून झाल्यावर मगच चार भाग करून वाटा, खड्ड्याशी उभं राहून अर्धी-अर्धी करू नका, तिथं एका पिशवीत ढेकळं जातात आणि दुसरीत भुकटी. उत्तरं आली की इथेच टाका, आणि गाळ टाकलाय की नाही तेही सांगा, म्हणजे एका कुबडाचं लावायचं की दोन ते बघू.